शुक्रवार, सतरा तारीख आणि पंतप्रधानांची घंटी

१

लाल मखमलीची उशी जागच्या जागी होती. तिच्यात घंटीच्या बुडाएवढा गोल खळगाही पडलेला होता. घंटी तेवढी नव्हती.

मी उशी उचलली, उलटी केली, टेबलाखाली वाकून पाहिलं आणि मग वेड्यासारखी तीच उशी परत एकदा उचलून पाहिली. या महालातला शिष्टाचार विभाग मी, दोनाता चेकारेल्ली, सांभाळते. कितीतरी पंतप्रधानांचं स्वागत केलं आणि तितक्यांनाच कोट घालायला मदत करून निरोप दिला. आमच्या देशात पंतप्रधान टिकतात तरी किती! पण घंटी कधी कुठे गेली नव्हती.

शपथ होते पलीकडच्या टेकडीवर, राष्ट्रपतींसमोर. कागदोपत्री माणूस तिथेच पंतप्रधान होतो. पण रोममधल्या कुठल्याही कॉफीवाल्याला विचारा, तो सांगेल की खरा पंतप्रधान होतो तो आमच्या या दालनात. जाणारा येणाऱ्याच्या हातात छोटीशी चांदीची घंटी देतो, येणारा ती वाजवतो, फोटोवाले तुटून पडतात, आणि मग त्याच घंटीने पहिली मंत्रिमंडळ बैठक सुरू होते.

बरं, दिवस तरी कुठला? शुक्रवार, सतरा तारीख! सतरा म्हटलं की आमचा माणूस खिशातल्या किल्लीला हात लावतो, कारण लोखंडाने अपशकुन टळतो. त्यात शुक्रवार म्हणजे लग्न नको, प्रवास नको. राष्ट्रपतींनी हीच तारीख दिली आणि नव्या बाईंनी निमूटपणे "चालेल" म्हटलं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

या बाई म्हणजे फिलोमेना बारिल्लारो. जन्मभर दक्षिणेत, कालाब्रियात तपास न्यायाधीश होत्या, म्हणजे गुन्ह्याचा तपास स्वतः करणाऱ्या. निवडणूक कधी लढवली नाही. तीन पक्षांचं एकमेकांच्या माणसावर एकमत होईना, म्हणून त्यांनी मिळून ही सही करणारी बाई शोधली होती. शपथेच्या वेळी टेकडीवरचा माइक बंद पडला, आणि तासाभरात शहरभर कुजबुज सुरू झाली की बाई पांढऱ्या पायाची आहे. तुम्ही हसाल. पण आमच्याकडे लाच खाल्लेला पुढारी पुन्हा निवडून येतो, पांढऱ्या पायाच्या माणसाशेजारी मात्र कोणी खुर्चीसुद्धा घेत नाही. त्यात घंटीही गेली हे बाहेर कळलं असतं, तर बाईंचं सरकार संध्याकाळच्या बातम्यांतच संपलं असतं.

घंटी मी स्वतः उशीवर ठेवली होती आणि दाराबाहेर खुर्ची टाकून बसले होते. आत तिघेच गेले. मावळते पंतप्रधान प्रोफेसर विझिंतिन, दालनाला एकदा शेवटचं पाहून घ्यायचं म्हणून. आमचा मुख्य शिपाई नाझारेनो, फुलं ठेवायला. आणि फुल्वियो मारांगोन, 'कुठे उभं राहायचं ते बघून घेतो' म्हणत. त्याने जाताजाता माझ्या नाकासमोर लाल रेशमी दोरीला टांगलेलं पोवळ्याचं शिंग, आमच्याकडे अपशकुन टाळायला बाळगतात ते, हलवलं होतं.

"शिवा याला, दोनाताबाई! आजचा दिवस वाईट आहे."

मी शिवले. खोटं कशाला बोलू?

तिघे आत गेले, तिघे बाहेर आले आणि मला एकदाही घंटीचा आवाज आला नाही. ती घंटी तर धूळ पुसताना फडक्याच्या झटक्यानेही किणकिणते. नाझारेनोने शिपाई घेऊन सगळा मजला शोधला, तरी मी तिथेच उभी राहून यावर डोकं खाजवत होते, तेवढ्यात खाली अंगणात गाड्या येऊन थांबल्या. बाई आल्या होत्या.

२

"कोणाकोणाला माहीत आहे?" बाईंनी पहिला प्रश्न हा विचारला. अगं बाई, ओरडणं नाही, कपाळाला हात नाही. ठेंगणीशी मूर्ती, पायांत सपाट चपला, हातात स्वतःची पर्स.

"मला, नाझारेनोला आणि त्याच्या दोन शिपायांना. त्यांनी सगळा मजला पालथा घातलाय, बाईसाहेब. प्रोफेसरसाहेबांना सांगावं लागलं. आणि डॉक्टर मारांगोनना... म्हणजे ते इथेच होते."

आमच्याकडे टाय लावलेला प्रत्येक माणूस डॉक्टर असतो. हा मारांगोन कसलाच डॉक्टर नव्हता. सर्वांत मोठ्या पक्षाच्या नेत्याचा तो उजवा हात. मंत्री नव्हता, पण पंतप्रधान कार्यालयाचा राज्यमंत्री होणार होता; आमच्याकडे राज्यमंत्री मंत्र्यांत मोजला जात नाही. बैठकीत कुठला विषय घ्यायचा, कुठला दाबायचा आणि इतिवृत्तात काय लिहायचं हे सगळं तोच ठरवणार. बाई नुसत्या घंटी वाजवणार आणि राज्य हा करणार, असं त्या तीन नेत्यांनी परस्पर ठरवलेलं होतं. मात्र सकाळीच टेकडीवरून कानावर आलं होतं की बाई त्याच्या नावावर अजून 'बघू' म्हणतायत.

तो लगबगीने आलाच. "बाईसाहेब, तुम्ही अजिबात काळजी करू नका! फोटोवाल्यांना मी कॉफी पाजून खाली थोपवतो. आणि घंटीही मीच शोधून काढतो. तुम्ही या गावाला नव्या, इथले खाचखळगे तुम्हाला काय ठाऊक? अशा दिवशी शेजारी जाणकार माणूस असावा लागतो."

"हो ना," बाई म्हणाल्या. "आधी जरा मलाच चौकशी करू द्या. हात शिवशिवतायत."

"चौकशी? पंतप्रधानांनी स्वतः?"

"पंतप्रधान होऊन मला दोन तास झाले, डॉक्टर. न्यायाधीश मी तीस वर्षं होते. जे येतं ते करते."

३

या मजल्याच्या सगळ्या दरवाजांवर तपासणीची यंत्रं आहेत. धातूचा तुकडा बाहेर गेला असता तर पहारेकऱ्यांना कळलं असतं. म्हणजे घंटी याच मजल्यावर होती. बाईंनी एवढं माझ्याकडून काढून घेतलं आणि नाझारेनोला बोलावलं.

नाझारेनो रडकुंडीला आला होता. धक्का बसलेल्याला आमच्याकडे देतात तसं कोणीतरी त्याला साखरेचं पाणी दिलं होतं, ते तसंच त्याच्या हातात होतं.

"आईशप्पथ, बाईसाहेब, सगळं पाहिलं! फुलदाण्या, पडद्यांच्या मागे, शेकोटीत. बैठकीआधी मंत्र्यांचे फोन ठेवायचे कप्पेसुद्धा उघडून पाहिले, एकूण एक. मी फुलं ठेवली तेव्हा घंटी होती, या डोळ्यांनी पाहिली."

"तुमच्या आधी कोण आत गेलं होतं?"

"प्रोफेसरसाहेब. नंतर डॉक्टर गेले."

मी मनात म्हटलं, झालं, मग मारांगोनच! पण बाईंनी नकारार्थी मान हलवली. "दालनाला मागे दुसरं दार आहे ना? प्रोफेसरांच्या खोलीकडे जाणारं?"

होतं. दोन दालनांच्या मधल्या छोट्या खोलीत ते उघडतं, आणि फोनचे कप्पेही तिथेच आहेत. म्हणजे प्रोफेसर केव्हाही परत येऊ शकत होते.

प्रोफेसर विझिंतिन पुस्तकं खोक्यात भरत होते. त्रिएस्तेचे गणिताचे प्राध्यापक, जिभेला धार. त्यांच्याच मित्रपक्षांनी त्यांचं सरकार पाडलं होतं, तेव्हा मूड काय असणार?

"घंटी गेली? उत्तम झालं. पोरखेळ आहे तो. मला विचाराल तर या देशाची निम्मी बुद्धी शिंगं, शकुनासाठी शिवलेले कुबडे आणि सतरा आकडा यांनीच खाल्लीय."

"तुमचा विश्वास नाही?"

"माझा? बाई, सतरा ही मूळ संख्या आहे. यापलीकडे तिच्यात काहीही नाही."

"मग घंटीचा कार्यक्रम साडेचारला कसा? मला दिलेल्या पहिल्या निरोपात सतरा वाजता, म्हणजे पाचला, असं लिहिलं होतं."

प्रोफेसरांना एकदम खोकला आला. मी खिडकीबाहेर पाहिलं, कारण कार्यक्रम अर्धा तास अलीकडे घ्या असं मला फोन करून सांगणारे गृहस्थ माझ्यासमोरच उभे होते. सतराव्या दिवशी सतराव्या तासाला गणित जरा कच्चं पडतं.

"वाहतुकीचा प्रश्न होता," ते म्हणाले.

"असणारच," बाई गोड आवाजात म्हणाल्या.

बाहेर जिन्यापाशी मारांगोन फेऱ्या मारत होता. आम्हाला पाहताच त्याने खिशातून शिंग काढून तळहातावर धरलं. "लागला का काही पत्ता? फोटोवाले कुरकुरायला लागलेत. घ्या, याला हात लावा, बाईसाहेब."

बाईंनी शिंग हातात घेतलं, उजेडात फिरवून पाहिलं. "सुरेख आहे हो. कोणी दिलं?"

"देतंय कोण! नेपल्सच्या बाजारातून मीच घेतलं. अस्सल पोवळं आहे, चांगली किंमत मोजलीय."

"अस्सं!" बाईंनी शिंग परत केलं. त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. मला तेव्हा कळलं नाही. मी त्याच्या तळहाताकडे बघत होते, आणि तिथे मला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं.

४

"काय चुकल्यासारखं वाटलं?" पुढे गेल्यावर बाईंनी विचारलं. या बाईंपासून काही लपत नाही.

"दोरी," मी म्हणाले. "सकाळी ते शिंग लाल रेशमी दोरीला टांगलेलं होतं. माझ्या नाकापुढे नाचवलं त्याने."

"आता नुसतंच आहे."

"तुटली असेल."

"असेल. किंवा दुसऱ्या कामाला लागली असेल. चेकारेल्लीबाई, घंटी न वाजता न्यायची तर काय करावं लागेल?"

"आतली लोळी बांधायला लागेल, म्हणजे ती आपटणार नाही."

बाईंनी नाझारेनोला हाक मारली. "मघाशी जसं शोधलंत ना, तसंच्या तसं पुन्हा शोधा. माझ्यासमोर."

बिचाऱ्याने पुन्हा शेकोटीत डोकं घातलं, पुन्हा पडदे झटकले. खालून फोटोवाल्यांच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. मग तो मधल्या खोलीतल्या फोनच्या कप्प्यांकडे वळला. आल्प्सपलीकडच्या कुठल्याशा कारखान्यातून मागवलेलं ते पोलादी कपाट. प्रत्येक कप्प्याला आकडा, प्रत्येक दाराला किल्ली लावलेली. नाझारेनो एकेक दार उघडून दाखवत पुढे सरकला. चौदा, पंधरा, सोळा, अठरा, एकोणीस...

"थांबा," बाई म्हणाल्या. "सतरा?"

"त्यात काही नसतं, बाईसाहेब."

"उघडून पाहिलंत?"

नाझारेनोने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे. "सतरा कोण उघडतं?" तो कळवळून म्हणाला. "कपाट आल्यापासून कोणी उघडलं नाही. कुठल्या मंत्र्याने त्यात फोन ठेवला नाही. परदेशी लोकांनी केलेलं कपाट, त्यांना काय कळतंय? आणि त्यातून आज!"

"तुमच्या दोघा शिपायांनी?"

दोघे दारात उभे होते. दोघांनीही माना खाली घातल्या. तिघांनी तीनदा ते कपाट तपासलं होतं, आणि तिन्ही वेळा सोळानंतर अठरा आला होता. मी तरी कुठल्या तोंडाने हसू? माझीही नजर त्या दारावरून घसरूनच गेली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

बाईंनी स्वतः किल्ली फिरवली. आत घंटी होती. तिच्या लोळीभोवती लाल रेशमी दोरी घट्ट गुंडाळलेली होती.

मी किंचाळणार होते, पण बाईंनी तोंडावर बोट ठेवलं. त्यांनी घंटी बाहेर काढलीच नाही. दार पुन्हा लावलं आणि म्हणाल्या, "प्रोफेसरांना आणि डॉक्टरांना इथे बोलवा."

५

दोघे आले. मारांगोन हसतमुख, प्रोफेसर वैतागलेले.

"घंटी कुठे आहे ते कळलंय," बाई म्हणाल्या. "या कपाटात."

मारांगोनचं हसू जागीच थिजलं. पण माणूस निर्ढावलेला. "वा! मीही हेच म्हणणार होतो. मला मघापासून शंका येत होती की—"

"नंतर म्हणा. ज्याने ती लपवली, त्याला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. या महालात सतरा नंबरला कोणी हात लावणार नाही, आणि आज तर नाहीच. हिशेब बरोबर होता. पण मग त्याने स्वतः तो हात कसा लावला? म्हणजे मला असा माणूस शोधायचा होता, ज्याला सतराची भीती वाटत नाही. नाझारेनो, उघडा बघू सतरा."

"मला नोकरीवरून काढा, बाईसाहेब, पण—"

"राहू दे. प्रोफेसर, तुम्ही?"

"अगदी आनंदाने," प्रोफेसर म्हणाले. एक पाऊल पुढे आले. हात वर केला. तो हात वाटेत खिशाकडे वळला आणि किल्ल्यांचा आवाज झाला. "माझा खांदा... म्हणजे, खोकी उचलल्यापासून..." त्यांचे कान लाल झाले होते.

"काही लाजू नका. माझी आईही तुमच्यासारखीच होती. आता राहिले डॉक्टर मारांगोन. सगळ्यांत भित्रे! शिंग घेतल्याशिवाय पाऊल टाकत नाहीत. त्यांच्यावर कोण संशय घेणार?"

"तेच म्हणतो मी!"

"पण डॉक्टर, माझ्या गावात शेंबड्या पोरालाही माहीत असतं की शिंग कोणीतरी द्यावं लागतं. स्वतः विकत घेतलेल्या शिंगाला काडीची ताकद नसते. ज्याला खरी भीती असते तो ते कधी विकत घेत नाही, वाट बघतो, बायकोच्या मागे लागतो. तुम्ही ते टाय घेतल्यासारखं घेतलंत. लोकांना दाखवायला. प्रोफेसर घाबरतात आणि घाबरत नसल्याचं नाटक करतात. तुमचं नेमकं उलटं आहे. चेकारेल्लीबाई, सकाळी ते शिंग कशाला टांगलेलं होतं?"

"लाल रेशमी दोरीला," मी म्हणाले, आणि आवाज जरा मोठाच निघाला.

"दोरी दाखवा, डॉक्टर."

"हरवली. कुठेतरी पडली."

बाईंनी सतरा नंबर उघडला. नाझारेनोने डोळे मिटले. प्रोफेसरांनी मात्र ती दोरी पाहिली आणि त्यांच्या तोंडून त्रिएस्तेच्या बंदरातली एक शिवी गेली, ती मी इथे लिहीत नाही.

"तुम्हाला घंटी चोरायची नव्हती," बाई म्हणाल्या. "शोधून द्यायची होती. फोटोवाले ओरडायला लागले, मी रडकुंडीला आले, की तुम्ही ती कुठूनतरी काढून आणणार. उद्याच्या पेपरांत काय येणार? पांढऱ्या पायाची पंतप्रधान, आणि तिला वाचवणारा मारांगोन. मग बैठकीत तुमचं नाव नाही मांडलं, तर मी कृतघ्न ठरते. आणि मांडलं, तर जन्मभर तुमच्या उपकाराखाली."

मारांगोनने कोटाची बटणं लावली. आता त्याचा आवाजच बदलला. "सिद्ध काय करणार तुम्ही? एका दोरीवरून? आणि करणार तरी काय, बाई? इथला पंतप्रधान म्हणजे सगळ्या मंत्र्यांसारखाच एक मंत्री, फक्त खुर्ची मधली. एका मंत्र्यालासुद्धा काढायचा अधिकार नाही तुम्हाला. संविधान वाचलंत ना?"

तो खरं बोलत होता, आणि ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

"वाचलंय," बाई शांतपणे म्हणाल्या. "एकाही मंत्र्याला मी काढू शकत नाही. पण तुम्ही कुठे मंत्री आहात? राज्यमंत्र्याचं नाव आजच्या बैठकीत पंतप्रधानांनी मांडायचं असतं. दुसऱ्या कोणी नाही. ना तुमच्या नेत्याने, ना राष्ट्रपतींनी. मी तोंड उघडलं नाही, तर तुम्ही या महालात काय आहात माहितीय? पाहुणे."

"आमचा पक्ष सरकार पाडेल!"

"पाडा की! पण त्यासाठी संसदेत उभं राहून देशाला कारण सांगावं लागतं. सांगा कारण. म्हणा, आमच्या माणसाने घंटी चोरली आणि बाईला ती सापडली."

प्रोफेसर इतक्या जोरात हसले की खिडकीची काच हलली.

"नाझारेनो," बाई म्हणाल्या, "पाहुण्यांना जिन्यापर्यंत सोडा. आणि त्यांचा पास परत घ्या."

काय सांगू तुम्हाला! इतके पंतप्रधान पाहिले, पण टाळी वाजवावीशी त्या दिवशी पहिल्यांदा वाटली. मी वाजवलीसुद्धा. शिष्टाचार विभागाची प्रमुख, आणि शिष्टाचार गेला खड्ड्यात!

६

साडेचारला फोटोवाले दालनात घुसले. प्रोफेसर विझिंतिन यांनी घंटी दोन्ही हातांनी उचलली आणि एरवी कधी न दिसलेल्या आदबीने बाईंच्या हातात दिली.

"सांभाळा," ते पुटपुटले. "माझ्याहून तुम्हाला शोभते."

"बाईसाहेब!" मागून एक टवाळ फोटोवाला ओरडला. "शुक्रवार, सतरा तारीख! भीती नाही वाटत?"

बाईंनी घंटी वाजवली. एकदा नव्हे, चांगली खणखणून, शेकोटीपासून जिन्यापर्यंत ऐकू जाईल अशी. दालनात हशा पिकला आणि टाळ्या सुरू झाल्या. टवाळही टाळ्या वाजवत होता.

मग मंत्री एकेक करून मधल्या खोलीत आले. तिन्ही पक्षांची बडी धेंडं. मारांगोनचं काय झालं ते एव्हाना सगळ्यांना कळलं होतं, कारण रोममध्ये बातमी माणसाच्या आधी जिना चढते. शपथेच्या वेळी बाईंना न बघता पुढे जाणारे आता दारात थांबून "आधी तुम्ही, बाईसाहेब" म्हणत होते. इतिवृत्ताचं काय, असं कोणीतरी दबक्या आवाजात विचारलं.

"रिवाज आहे ना, राज्यमंत्री नसेल तर सर्वांत तरुण मंत्र्याने लिहायचं? तो लिहील," बाई म्हणाल्या. "राज्यमंत्र्याचं नाव मी सवडीने मांडेन. तोवर कोणाला सुचवायचं असेल तर माझ्याकडे या. माझ्या खोलीत, रांगेत."

तिन्ही पक्षांत चुळबुळ झाली.

मंत्र्यांनी फोन कप्प्यांत ठेवायला सुरुवात केली. नेहमीसारखी दाटी झाली. सोळा भरला, अठरा भरला, आणि मधल्या उघड्या दारापासून सगळे अंग चोरून उभे राहिले. बाईंनी पर्समधून आपला जुनापुराणा फोन काढला, सतरा नंबरमध्ये ठेवला, दार लावलं, किल्ली काढून पर्समध्ये टाकली.

"हा माझा," त्या म्हणाल्या. "चला, कामाला लागू."

बैठकीची दारं बंद झाली. आत घंटी वाजली. नाझारेनोचा हात सवयीने खिशातल्या किल्लीकडे गेला होता. तो हात त्याने बाहेर काढला आणि मला विचारलं, "दोनाताबाई, कॉफी टाकू का?"

"टाक," मी म्हणाले. "आणि ते साखरेचं पाणी ओत बेसिनमध्ये."